वारुळाला वळसा

डोंबिवलीतली सापांची सर्वांत मोठी वस्ती आमच्या तळमजल्यावरच्या आत्यांच्या दारावर आहे, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या या बाई नात्याने कुणाच्याच आत्या नाहीत, म्हणून अख्ख्या बिल्डिंगच्या आत्या. नागपंचमीला इतरांच्या पाटावर गंधाचा एखादा नाग उमटतो. आत्यांच्या दारावर धामण, दिवड, घोणस अशी मंडळी सहकुटुंब हजर, तीही खवल्याखवल्यासकट. एकदा कुरियरवाला त्यातली घोणस बघून पार्सल जिन्यातच टाकून पळाला. आत्या आठवडाभर हवेत! "जन्मात माझं प्रदर्शन भरलं नाही, पण अशी दाद कुणाला मिळते हो?"

बिल्डिंगमागे कुंपणाला टेकून एक वारूळ आहे. बायका नागपंचमीला त्याची पूजा करतात आणि एरवी त्याच्याकडे बघून नाक मुरडतात. आत्या मात्र वर्षभर पोरांना तिथे बसवून मुंग्या, सरडे, वाळवी, जे दिसेल त्याचं चित्र काढायला लावतात. "सरळ रेघ नको रे! हात सैल सोड. मातीत कुणी पट्टी घेऊन राहत नाही." सेक्रेटरींना नेमकं तिथेच पार्किंग हवं होतं. "आत्या, वाळवी आहे ती. उद्या घरात शिरून फर्निचर खाईल." आत्या म्हणाल्या, "तुमचं प्लायवुडचं? अहो, वाळवीलाही चव असते."

गेल्या वर्षी माणसं कुदळी घेऊन आली ती नेमकी नागपंचमीला. आत्या वारुळासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या.

"आज खणायचं नाही."

"आत्या, प्लीज! हे असलं तुम्ही मानता?"

"तुमच्या घरी आज भाजी चिरली का?"

सेक्रेटरींनी वर पाहिलं. खिडकीत उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने ठामपणे मान हलवली. नाही! गॅलरीत माझा चहा सांडायचाच बाकी होता. दुसऱ्या दिवशी आत्यांनी दुसरं व्रत काढलं, तिसऱ्या दिवशी तिसरं. श्रावणात सणांना काय तोटा? खुर्चीभोवती पोरं चित्रं काढत बसायची, आणि त्यात कुदळ मारायला कुणी धजेना. शेवटी सेक्रेटरीच दमले. पार्किंग झालं, पण त्याच्या फरश्या वारुळापाशी येऊन मुकाट वळसा घेतात.

यंदाच्या नागपंचमीला आत्यांचं दार कोरं होतं. हात फार कापतो आता. गंधाची वाटीसुद्धा धरवत नाही. सकाळी मी खाली उतरलो तर सेक्रेटरी स्वतःच वाटी घेऊन दारात उभे.

"आत्या, फणा कुठून सुरू करू?"

"कुठूनही. हात सैल सोडा."

बिचाऱ्यांनी घाम गाळून जे काढलं त्याला फणा काही फुटला नाही. आत्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

"गांडूळ झालंय. राहू दे. तेही आपल्या वारुळाशेजारचंच."

मग पदराखाली झाकलेला हात बाहेर काढून त्यांनी त्या गांडुळाला हळदकुंकू वाहिलं. थोडं त्याच्यावर पडलं, बरंचसं सेक्रेटरींच्या बाहीवर. संध्याकाळपर्यंत ते तसेच हिंडत होते.