चालू मोटरीवरचा सांधा

भीमपूरच्या मारोतरावांनी आजूबाजूच्या निम्म्या शेतांत ठिबक अंथरलं, पण मोटर चालू असताना पाइपाला सांधा कधी मारला नाही. सांगणारा सरपंच असो की सासरा, आधी मोटर बंद, मग बाकीचं.

म्हणून आदिलाबादच्या दवाखान्यात डॉ. वृषाली "बायपास चालत्या हृदयावर करू" म्हणाल्या, तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठलेच. महिन्यातून एकदा हैदराबादहून येणाऱ्या या सर्जनबाई मूळच्या किनवटच्या, तेव्हा भाषेची अडचण नव्हती. अडचण तत्त्वाची होती. हृदयाच्या दोन नळ्या बुजलेल्या, चार पावलांत दम लागतो, संमतीचा कागद पुढ्यात. पण मारोतराव पेनाचं टोपण काढेनात.

"चालू मोटरीवर सुलोचन धरत नाई, मॅडम."

"कोण सुलोचना?" डॉक्टरांनी दचकून त्यांच्या बायकोकडं, प्रयागबाईंकडं पाहिलं.

"पाइप चिकटवायचं सोल्युशन हो," प्रयागबाई म्हणाल्या. "दुसरी कोनी असती तं ह्यायचं बायपास मीच केलं असतं."

"आम्ही चिकटवत नाही, मारोतराव. केसाहून बारीक दोऱ्यानं शिवतो. शिवायची तेवढी जागा पकडीनं स्थिर धरायची, बाकी हृदय चालूच."

"थांबवताबी येते ना? मंग काऊन नाई थांबवत?"

"येतं की. मशीन लावून थांबवतो बऱ्याच जणांचं. पण त्यासाठी हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीला चिमटा लावावा लागतो. आणि तुमच्या त्या नळीत चुना धरलाय."

चुना! मारोतराव खाली बसले. बोअरच्या पाण्याचा चुना त्यांच्याइतक्या शिव्या घालून कोणी खरवडला नसेल. मेन लाइनला धक्का लागला की खपली सुटते आणि पुढं कुठंतरी जाऊन बसते.

"कुठं जाऊन बसंल?"

"मेंदूत."

"मंग त्या लाइनीले हात नका लावू!" त्यांनी असं बजावलं, जणू डॉक्टरच हट्टाला पेटल्या होत्या.

"नाहीच लावत. छातीच्या आत एक नळी असते. तिचं मूळ तसंच ठेवायचं, टोक हृदयावर आणायचं. हातातली एक नळी काढून छातीतल्या नळीलाच तिचा फाटा जोडायचा."

"पानी किती पडते?"

"रक्त, मारोतराव. एका जोडणीतून मिनिटाला चाळीस मिलीलिटर आलं तरी मी खूश."

मारोतरावांनी बोटांवर हिशेब केला. तासाला अडीच लिटरही भरेना. "हे तं एका ड्रिपरचं झालं!"

"अन् लोकायले काय सांगत फिरता?" प्रयागबाई कडाडल्या. "झाडाले थेंब बस होते म्हनून शेजारच्या चंपतरावाले नळ्या टाकायले सारं वावर उकरायले लावलं. सोताच्या काळजाले पटवता येत नाई?"

मारोतरावांनी विषय बदलला. "मोजता कशानं?"

"नळीला मीटर लावून, छाती मिटायच्या आधी. प्रवाह कमी दिसला तर सांधा उसवते आणि पुन्हा घालते."

"आपलाच सांधा? सोता उसवता?"

"मग काय शेजारणीला बोलावू?"

आपलाच सांधा चुकला असं म्हणणारा फिटर मारोतरावांना आजवर भेटला नव्हता, आरशातसुद्धा नाही. त्यांनी टोपण काढलं, लांबलचक सही ठोकली आणि कागद सरकवता सरकवता म्हणाले,

"मीटरचा फोटो काढून ठेवा, मॅडम. बेहोश मानसाले कोनीबी चाळीसच सांगते."