मॅडमचा व्ह्यू आणि आमची वाट

नदीकाठी राहिलं की गोष्टी गोळा कराव्या लागत नाहीत. पूर ओसरल्यावर करंजाच्या फांद्यांना गवत, चिंध्या, कुणाची तरी एक चप्पल अडकलेली असते ना, तशा त्या आपसूक येऊन अडकतात. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मुरबाडच्या बाजारात दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरं शिकले, म्हणून माझं अक्षर अजून पाटीएवढं मोठं. तोंडही तसंच!

*

आमचा पाडा वर टेकाडावर, काळू नदी खाली. मधल्या उतारावर मुंबईच्या एका मॅडमनी फार्महाऊस बांधलं. आमची नदीची वाट नेमकी त्यांच्या आवारातून जाते. नळ कोरडा पडला की पाड्याचं पिणं, धुणं, सगळं त्याच वाटेवर. दोन्ही अंगाला कडा, दुसरीकडून उतरायची सोय नाही.

फाटकावर पाटी लागली : ‘रिव्हर व्हॅली. इथे स्वप्नं राहतात.’

मी मोठ्यानं वाचली. शेजारची मंजुळा डोक्यावरचा हंडा सावरत थांबली.

“काकी, मग आपण कुठं रातो गो?”

“स्वप्नाच्या मागच्या दारी. चल, पाणी भर!”

*

श्रावणात एकदा पाणी चढलं. वॉचमन यशवंतानं मॅडमना फोन लावला, “मॅडम, काळू आवारात शिरली!”

“मग बघतोस काय? काठी घे आणि हाकल!”

“नाय जात ती.”

“कुणाची आहे?”

यशवंता गुडघाभर पाण्यात उभा. जरा विचार करून म्हणाला, “तशी सगळ्यांचीच हाय, मॅडम.”

*

मंजुळा मॅडमकडे झाडलोट करते. एकदा तिला काचेच्या वाडग्यात गुळगुळीत गोटे दिसले. तिला वाटलं, पाहुण्यांच्या पोरांनी खेळून टाकलेत. नेऊन नदीत सोडले!

मॅडम किंचाळल्या, “अगं, ते दुकानातून आणलेले!”

दगड दुकानातून? मंजुळा घाबरून पाण्यात उतरली, ओटी भरून गोटे घेऊन आली.

“हेच का ते?” मॅडमनी विचारलं.

“हेच असतील, मॅडम,” मंजुळा म्हणाली. “पण आता ओळख दाखवत नायत.”

मॅडम तेव्हा हसल्या. मी तरी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

*

हसू फार टिकलं नाही. आमची लुगडी खडकावर वाळत पडतात. हिरवी, जांभळी, एक माझं लालभडक. मॅडम व्हरांड्यातून म्हणाल्या, “आजी, हे कपडे माझ्या व्ह्यूमध्ये येतात.”

“मग तेवढा वेळ डोळे मिटा!”

पुढच्याच रविवारी त्यांचा एक पाहुणा कॅमेरा घेऊन खाली आला. “वा, काय कलर्स! मावशी, जरा डावीकडे सरका ना.”

मंजुळा धुणं आपटता आपटता म्हणाली, “व्ह्यू हलत नसतो, भाऊ. तूच सरक!”

*

याचा राग की आणखी कशाचा, देव जाणे. आवाराला भिंत घालायची ठरली. अखंड. यशवंतानं खालमानेनं निरोप आणला, “उद्या गवंडी येतोय. वाट बंद.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्याजणी उतरलो. थंडीचे दिवस. दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली. घरं, झाडं, गुरं सगळं बुडालेलं, फक्त कुठूनतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा तेवढी वर येत होती. आपण चालतोय की नुसतं चालल्यासारखं वाटतंय, कळत नव्हतं.

आम्ही धुणं काढलं, तोच धुक्यातून मॅडम आल्या. फिरायला निघालेल्या, पाय ओले, शाल घसरलेली. आपलंच घर हरवलेलं.

“घराकडे वाट कुठून आहे?”

 मंजुळा शांतपणे म्हणाली, “वाट? ती तर तुमी आज बंद करताय ना.”

 मॅडम माझ्या शेजारी खडकावर टेकल्या. मी नेहमीसारखं काहीतरी झणझणीत बोलणार होते, पण हातातलं लुगडंच पिळायला घेतलं. त्यांनी पाय पाण्यात सोडले. धुणं आटोपून आम्ही भरलेले हंडे उचलले, तशा त्याही आमच्या मागोमाग वर आल्या, ओळीत, सगळ्यांत शेवटी.

वर गवंडी चुन्याची फक्की मारून, भिंतीची रेघ आखून तयार. वाट जिथं आवाराला लागते तिथं मॅडम थांबल्या. “इथे जागा सोडायची.”

“केवढी?” गवंड्यानं विचारलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी हंडा उतरवून त्याखालची चुंबळ पुढं केली. मंजुळानं आपला हंडा तिथंच रिता केला आणि मॅडमच्या डोक्यावर चढवला. त्यांनी एका हातानं तो धरला, कोपर बाहेर काढलं. गवंडी माप घ्यायला दोरी घेऊन वाकला.

“थांब,” मॅडम म्हणाल्या. “रिकाम्याचं माप नको. भरून आणते.”

आणि त्या पुन्हा नदीकडे वळल्या. धुक्यात शाल दिसेनाशी झाली, मग हंडाही. गवंडी दोरी ताणून उभा राहिला. आम्हीही.