साडूंची जर्मन गाडी

आमच्या साडूंइतका आनंदाने खर्चात पडणारा माणूस पालघर जिल्ह्यात दुसरा नाही. हे मी प्रेमापोटी म्हणत नाही, पावत्या पाहून म्हणतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्याच्या देखभाल विभागात त्यांची सत्तावीस वर्षं पंप आणि मोटारी दुरुस्त करण्यात गेली. चार वर्षांपूर्वी या माणसाने साडेसहा लाखांत दहा वर्षं वापरलेली, छोटीशी पण खानदानी जर्मन गाडी घेतली. तेवढ्यात साधी नवी गाडी दारात येते, हे मी कागदावर मांडून दाखवलं होतं. त्यांनी कागद पूर्ण वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "साडूभाऊ, आकडे बरोबर आहेत. पण तुम्ही तिचं दार एकदा लावून बघा." मी लावलं. थप्प असा मऊ, भारदस्त आवाज आला. मी ते पुन्हा उघडून लावलं.

मग गाडीने आपले आकडे मांडायला सुरुवात केली. थर्मोस्टॅटमधून कूलंट गळू लागलं, अडतीस हजार. ऑइल फिल्टरच्या बुडाशी नऊशे रुपयांचं रबरी गॅसकेट कुजलं, पण तिथवर हात पोचवायची मजुरी अकरा हजार. नवी बॅटरी बसवली तर ती नवी आहे हे गाडीच्या कॉम्प्युटरला रीतसर कळवावं लागतं. कळवायचे अडीच हजार. टायर पंक्चर झाले तरी पळणारे, म्हणून स्टेपनीच नाही. बोईसरच्या खड्ड्याने टायर पंक्चर न करता सरळ फाडला आणि तसाच दुसरा ठाण्याहून एकवीस हजारांना आला. दर वेळी साडूंचा फोन यायचा तो घरात नातू झाल्यासारखा. "सापडला बघा दोष. मला वाटलंच होतं." नवापूरला त्यांची आई असते. तिने ही यादी ऐकली आणि म्हणाली, "आमच्या होडीचं इंजिन येवढं खात नाय. आनि ती मासे तरी आनते."

त्या गाडीत बसणं म्हणजे तपासणी पथकात भरती होणं. चाळीसचा वेग आला की साडू हात वर करत. त्याबरोबर बोलणं बंद, काचा खाली, आणि सगळ्यांनी डाव्या पुढच्या चाकाचा आवाज ऐकायचा. गाडीचं पोट जमिनीच्या इतकं जवळ की कुंभवलीचा गतिरोधक आला की आम्ही चौघं उतरून चालत पलीकडे जात असू आणि गाडी तिरकी होऊन, एकेक चाक टेकवत मागून येई. एका रिक्षावाल्याने थांबून विचारलं, "काका, ढकलायची हाय काय?" साडू म्हणाले, "ढकलायची नाय, जपायची हाय." रोज सकाळी ते गाडीखाली रात्रभर ठेवलेला पुठ्ठा ओढून काढत आणि त्यावरचे डाग पत्रिकेसारखे वाचत: तपकिरी म्हणजे तेल, हिरवा म्हणजे कूलंट, पाणी म्हणजे एसी, काही हरकत नाही. एकदा हिरवा डाग एवढा मोठा निघाला की त्यांनी गाडी ठाण्याला न्यायला ट्रकच बोलावला. ट्रक आल्यावर कळलं, आदल्या संध्याकाळी माझ्या बायकोच्या हातून तिथे खस सरबताचा जग पडला होता. ट्रकवाल्याने यायचे तीन हजार घेतले. साडू खूश होते. "बरं झालं, सरबतच होतं."

या सगळ्याच्या वर एक नियम होता. बॉनेट उघडायच्या आधी ते स्टिअरिंगला कारखान्यातला लाल टॅग बांधत: काम चालू आहे, चालू करू नये. खाली नाव आणि सही. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. मी एकदा हसलो, तेव्हा त्यांनी सांगितलं की पूर्वी कुणीतरी दुसऱ्याचा टॅग काढून मोटर चालू केली आणि त्यांच्या जोडीदाराची तीन बोटं गेली. मी पुन्हा हसलो नाही.

मेव्हणीने, म्हणजे ताईंनी, शेवटी करार केला: लेकीचं, जुईचं, लग्न होईपर्यंत गाडी ठेवा, मग विका. साडूंनी एकच अट घातली. जुई मांडवात जाईल ती याच गाडीतून. महिनाभर ते बोईसरच्या घरापासून पालघरच्या हॉलपर्यंतच्या चौदा किलोमीटरची तयारी करत होते, आणि वापीचं गिऱ्हाईकही लग्नानंतरच्या रविवारचं ठरलं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांनी टॅग बांधून तेल तपासलं आणि तेवढ्यात पालघरच्या हॉलवरून फोन आला, जनरेटर चालू होत नाही. झालं. किल्ली शेजारच्या यादवकडे देऊन हे मोटरसायकलवर पसार. यादव त्यांच्याच कारखान्यातला ऑपरेटर. मुहूर्त अकरा बावन्नचा. पावणेअकराला जुई शालू सावरत मागच्या सीटवर बसली, यादवने पुढचं दार उघडलं आणि लगेच बंद केलं.

"टॅग लगा है, साहब. हम हाथ नहीं लगाएँगे."

मी म्हटलं, अरे, बॉनेट बंद आहे.

"वो आप बोल रहे हो. जिसने लगाया, वो बोले."

चौथ्या फोनला साडूंनी उचललं. मला वाटलं, सांगतील सोडून टाका. पलीकडे जनरेटरची धडधड, आणि मग, "तेलाची टोपी घट्ट लावली का ते आठवत नाही. थांबा. मी येतो."

ताई कडाडल्या. "रिक्षा बोलवा. पोरीचं लग्न हाय, कारखाना नाय."

जुई आतूनच म्हणाली, "मी उतरणार नाही. बाबांना येऊ दे."

मी मनातल्या मनात मांडलं: यायला पंचवीस मिनिटं, जायला तीस. जमलं तर पाच मिनिटं हातात. साडू आले ते नव्या कुर्त्यावर जनरेटरच्या तेलाचा काळा पट्टा घेऊन. बॉनेट उघडलं, टोपी पिळून पाहिली. घट्टच होती. मग टॅग सोडून खिशात घातला आणि यादवला बाजूला सारून स्वतः चाकावर बसले. त्या दिवशी एकाही गतिरोधकाला कुणी उतरलं नाही. गाडी अशी पळाली की मागे ताई अक्षतांची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. हॉलच्या दारात अकरा पन्नास. साडूंनी उतरून मागचं दार उघडलं आणि लेकीला हात दिला, शालूला काळं लागू नये म्हणून मनगटाने.

संध्याकाळी जुई सासरच्या गाडीतून नाशिकला गेली. साडूंनी पहिल्यांदाच मला किल्ली दिली. "तुम्ही चालवा." ते मागे बसले, सकाळी ती बसली होती तिथे; ताई माझ्या शेजारी. पालघर सुटलं.

"साडूभाऊ," ते मागून म्हणाले, "इथे काहीच ऐकू येत नाही हो. चार वर्षांत मी मागे कधी बसलोच नव्हतो. पोरीला बरं वाटत असेल ना, इथे?"

"वाटत असणारच," मी म्हटलं. त्याच वेळी माझ्या पुढ्यात इंजिनात दोष असल्याचा पिवळा दिवा लागला. मी आजवर त्यांच्यापासून एकही आकडा लपवला नव्हता. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईंचं लक्ष दिव्याकडे गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मग पदर तोंडाशी धरून त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या.

मी हळू, तिसऱ्या गिअरवर, बोईसरपर्यंत गाडी आणली. साडू मागे झोपले होते.