यमुनक्कांचे पत्र

यमुनक्का सूर्यवंशी यांना मी प्रथम भेटले ती नोकरी मागायला. लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला येऊन मला चार महिने झाले होते. यजमान पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होते. माझ्याकडे वाणिज्य शाखेची पदवी होती आणि दिवसभर बोलायला घरात कुणी नव्हते. शेजारच्या बाईंनी सांगितले की राजाजीनगरात, लोखंडी सामानाच्या दुकानावर, एका मराठी बाईंचे कर सल्लागाराचे कार्यालय आहे. मी जिना चढून गेले. पांढऱ्या सुती साडीतल्या, जाड चष्म्याच्या अक्कांनी मान वर न करता विचारले, "कन्नड येतं?"

"नाही."

"स्वल्प तरी?"

"शिकेन."

"सरी, ठीक आहे. हे विवरणपत्र घे. यात चूक आहे का बघ."

मी तासभर ते कागद उलटेपालटे केले आणि शेवटी भीतभीत म्हणाले, की मला तरी चूक सापडत नाही. अक्का पहिल्यांदाच हसल्या. "नाहीच आहे. मला खूश करायला एखादी काढली असतीस, तर आत्ताच घरी पाठवलं असतं. सोमवारपासून ये."

अक्कांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिही, असे इथल्या आपल्या मराठी मंडळाने मला सांगितले, तेव्हा मी आधी त्यांची परवानगी घ्यायला गेले. त्या म्हणाल्या, "गौरव कशाचा करणार आहात? न्यासाचं जे झालं ते लिहिणार असशील तर लिही. ते गाळून लिहायचं असेल तर माझं नाव नको." म्हणून हा लेख इतर गौरवलेखांसारखा नसेल. वाचकांनी समजून घ्यावे.

अक्कांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या याच मुलखातले. त्यांच्या मराठीत निम्मे शब्द कन्नड, आणि त्या भाषेला हसणाऱ्या आमच्यासारख्या नव्याने आलेल्यांवर त्या कधी रागावल्या नाहीत. त्यांचे यजमान तरुणपणीच गेले. मूलबाळ नव्हते. करविषयक काम करणारी बाई ही त्या काळी इथल्या कारखानदारांना नवलाईची गोष्ट होती. पण आयकर कार्यालयातले अधिकारी अक्कांनी आणलेला कागद फारसा तपासत नसत, हे कळल्यावर पीण्यातले लहान कारखानदार त्यांच्याकडेच येऊ लागले. खोटी पावती घेऊन आलेल्या माणसाला त्या चहा द्यायच्या आणि पावती परत करायच्या. "हे घरी ठेवा. इथे फक्त तुम्ही आलात," एवढेच म्हणायच्या.

न्यासाची सुरुवात गिरिजम्मांमुळे झाली. गिरिजम्मा आमच्या एका अशिलाच्या कारखान्यात सुट्या भागांची कड घासायचे काम करत. एका दुपारी त्या एका खासगी शाळेचा इंग्रजी कागद वाचून घ्यायला आल्या. सोबत मुलगी होती, शोभा, चौथी पास झालेली. वस्तीतल्या सरकारी शाळेत एकच मास्तर तीन वर्ग एका खोलीत बसवीत. शोभाला वर्गातले सगळे येत होते, म्हणून मास्तर तिलाच लहान मुलांना शिकवायला उभे करीत. "ती शिकवते," गिरिजम्मा म्हणाल्या, "पण तिला कोण शिकवणार?" कागदावरची फी अक्कांनी वाचून सांगितली. गिरिजम्मांनी तो कागद नीट घडी करून कमरेला खोचला आणि मुलीला घेऊन त्या निघून गेल्या.

त्याच आठवड्यात आमचे अशील शिवण्णा आले. ते पंपाचे भाग बनवत. मार्च जवळ आला की ते कराच्या नावाने बोटे मोडत. अक्कांनी त्यांना मधेच थांबवले. "शिवण्णा, मान्यता असलेल्या न्यासाला देणगी दिलीत, तर तुमच्या करातला काही भाग वाचतो. तो पैसा सरकारकडे जायच्या ऐवजी तुमच्याच कामगारांच्या मुलींच्या फीला का जाऊ नये? सरकारकडे गेलेला पैसा परत पीण्यापर्यंत पोचलेला तुम्ही पाहिलाय का कधी?"

हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. ते अक्कांचे होते आणि त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

वर्षभराच्या खटपटीनंतर न्यासाला मान्यता मिळाली. शिवण्णा अध्यक्ष झाले, अक्का चिटणीस. पहिल्या जूनमध्ये शोभा आणि आणखी काही मुली निळ्या गणवेशात शाळेत गेल्या. गिरिजम्मा कारखान्यात उशिरा पोचल्या, कारण त्या शाळेच्या फाटकापाशी नुसत्याच उभ्या राहिल्या होत्या. अक्काही तिथेच होत्या. हे अक्कांनीच मला नंतर सांगितले.

ती तीन-चार वर्षे अक्कांच्या आयुष्यातली सर्वांत आनंदाची असावीत. दर शनिवारी त्या मुलींच्या वस्तीत जात. कुणाची वही भरली, कुणाला गणित जड जाते, कुणाच्या बापाने लग्न ठरवायचे काढले आहे, हे सगळे त्यांना तोंडपाठ असे. त्याच काळात माझी आई पुण्यात वारली. विवरणपत्रांची मुदत आठवड्यावर आली होती. अक्कांनी मला स्वतः बसमध्ये नेऊन बसवले आणि म्हणाल्या, "तेरावं करूनच ये. इथलं काही डोक्यात ठेवू नकोस." मी परतले तेव्हा माझ्या टेबलावरच्या सगळ्या फायली पूर्ण होत्या, आणि काम करणाऱ्याच्या जागी प्रत्येकीवर माझेच नाव होते. माझ्या मागे माझ्या घरी रोज डबा जात होता हे मला यजमानांकडून कळले. अक्कांकडून कधीच कळले नसते.

आता पुढचे लिहायचे आहे.

शोभा नववीत होती. शाळेत बक्षीस समारंभ होता आणि तिला विज्ञानाचे पहिले बक्षीस मिळणार होते. अक्का मला घेऊन गेल्या. न्यासाच्या मुलींची यादी शिवण्णांच्या कचेरीतून येई, आणि तिच्यातली अनोळखी नावे दुसऱ्या वस्त्यांतली असतील असे अक्का धरून चालत. समारंभानंतर त्यांनी पर्समधून ती यादी काढली आणि आठवीच्या बाईंना म्हणाल्या, "यातल्या दोन मुलींना मी अजून भेटलेले नाही. नंदिनी आणि सरस्वती. जरा बोलवता का?"

बाईंनी यादी पाहिली. "या नावाच्या मुली माझ्या वर्गात नाहीत, मॅडम."

"सोडून गेल्या?"

"नाही. कधी नव्हत्याच."

अक्कांनी यादी घडी करून ठेवली. सातवीच्या बाईंना विचारले, सहावीच्या विचारले. प्रत्येक वर्गात दोन-चार नावे अशी निघाली, की ज्या नावांना मुलीच नव्हत्या. त्या मुलींची फी मात्र न्यासातून दर वर्षी जात होती. शाळेच्या संचालकांच्या कचेरीत जाऊन अक्कांनी सरळ विचारले, तेव्हा संचालक म्हणाले, "शिवण्णांना विचारा. त्यांना सगळं ठाऊक आहे." त्या नावांची फी शाळेत यायची आणि तिचा मोठा हिस्सा रोखीने देणगीदारांच्या घरी परत जायचा. कर वाचायचा आणि पैसाही परत मिळायचा.

दुसऱ्या दिवशी शिवण्णा कार्यालयात आले. मी समोरच बसले होते.

"अक्का, खऱ्या मुली शिकतायत ना? मग चार नावं जास्त असली तर कुणाचं काय गेलं?"

"सरकारचं गेलं."

"सरकारनं काय दिवे लावलेत? तुम्हीच तर मला सांगितलंत, सरकारकडे गेलेला पैसा पीण्यापर्यंत पोचत नाही म्हणून."

अक्कांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शिवण्णांनी आवाज खाली आणला. "आयकरवाल्यांना पत्रबित्र काही पाठवू नका. मान्यता गेली तर तुमच्या पोरीच रस्त्यावर येतील. माझं काय, दंड भरीन आणि मोकळा होईन."

तीन दिवस अक्का कार्यालयात येऊन नुसत्या बसून राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांनी आयकर आयुक्तांच्या नावे पत्र सांगितले आणि मी ते टंकले. चिटणीस या नात्याने मी यादी वेळेवर पडताळली नाही, हा दोष माझा आहे, असे त्यात पहिल्याच परिच्छेदात होते. मी टंकणे थांबवून म्हणाले, "अक्का, मुलींची परीक्षा होईपर्यंत थांबू या का? चारच महिने."

"मीही तेच घोकतेय तीन दिवस. चार महिन्यांनी निकाल असेल, मग पुढच्या वर्षीची परीक्षा. नीलिमा, मी एकदा थांबले की मग थांबतच राहीन."

त्यांनी सही केली. मी मनात म्हणत होते की पाकीट टपालात हरवावे. ही गोष्ट मी त्यांना आजवर सांगितलेली नाही.

मान्यता गेली. चौकशी झाली. शाळेने दुसऱ्याच आठवड्यात सगळ्या न्यासाच्या मुलींना घरी पाठवले. अक्का आपल्या सोन्याच्या बांगड्या मोडून फी भरायला गेल्या, तर संचालक म्हणाले, "प्रश्न फीचा नाही. तुमच्या मुली आम्हाला नकोत." वर्षाच्या मध्यात दुसरी कुठलीही शाळा त्यांना घ्यायला तयार होईना. अक्का प्रत्येक मुलीच्या घरी स्वतः गेल्या. काही ठिकाणी दार उघडले नाही. मी सोबत होते. गिरिजम्मांनी दार उघडले, आम्हाला चटईवर बसवले, पाणी दिले आणि मग शांतपणे कन्नडमध्ये विचारले, "अक्का, तुम्ही खरं बोललात. चांगलं केलंत. पण माझ्या मुलीनं काय खोटं केलं होतं?"

शोभा भिंतीला टेकून उभी होती. तिच्या अंगावर अजून शाळेचा गणवेश होता, कारण दुसरे कपडे वाळत होते. अक्का म्हणाल्या, "काहीच नाही. चूक माझी आहे." गिरिजम्मांनी मान हलवली. माफी नव्हती त्यात. त्यांनी फक्त ऐकले होते.

सर्वांत वाईट गोष्ट अजून पुढे होती. लहान मुलींना निदान वस्तीतल्या सरकारी शाळेत तरी परत बसवावे, म्हणून अक्का तिथे गेल्या. मास्तर तेच होते. ते म्हणाले, "सहावी-सातवी आता इथे नाही, अम्मा. हुशार मुली तुम्ही नेल्यात. त्यांच्या मागोमाग ज्यांना कर्ज काढता आलं त्यांनी आपापली मुलं नेली. पट कमी झाला, वर्ग बंद झाले. जवळची शाळा आता दोन बस बदलून आहे." मास्तरांच्या आवाजात राग नव्हता. अक्का बाहेर येऊन पायरीवर बसल्या. रिक्षात बसल्यावर एवढेच म्हणाल्या, "मी दोन्हीकडच्या शाळा बंद केल्या."

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. वर्ग बंद होण्याला इतरही कारणे असतील, फसवणूक शिवण्णांनी केली, असे म्हणाले. ते खरेही होते. त्याने त्यांचे समाधान झाले नाही आणि आता मला वाटते, होऊ नये हेच बरोबर होते.

शिवण्णांनी दंड भरला. ते आता दुसऱ्या एका शैक्षणिक न्यासाचे अध्यक्ष आहेत. त्यांच्यासोबतचे कारखानदार अक्कांचे कार्यालय सोडून गेले. आता आमच्याकडे थोडे अशील आहेत, बहुतेक नोकरदार आणि निवृत्त. जिन्याखालच्या दुकानदाराने मालकाला सांगून भाडे वाढू दिले नाही, म्हणून कार्यालय तिथेच आहे.

गेल्या वर्षी शोभा मला भेटली. कपडे शिवण्याच्या कारखान्यातून सुटून ती बससाठी उभी होती. वय वाढवून सांगितल्याशिवाय तिला तिथे घेतले नसते. मी ओळखले नाही, तिनेच हाक मारली. कॉलर जोडायचे काम करते म्हणाली. मी बाहेरून परीक्षा देण्याबद्दल बोलू लागले, तेव्हा ती थोडी हसली. "आंटी, दिवसभर उभं राहून घरी गेल्यावर अक्षरं दिसत नाहीत." मग विचारले, "अक्का बऱ्या आहेत?" मी हो म्हणाले. बस आली. चढता चढता ती म्हणाली, "मी भेटले म्हणून सांगू नका त्यांना. त्या लगेच घरी येतील, आणि अम्मा अजून बोलत नाही त्यांच्याशी."

मी सांगितले नाही. या लेखातून ते अक्कांना प्रथमच कळेल. शोभाने माझ्याकडून घेतलेला शब्द मी मोडला आहे, पण काहीही गाळायचे नाही अशी अट अक्कांचीच आहे.

दर दोन-तीन महिन्यांनी अक्का सहावी-सातवीचे वर्ग पुन्हा सुरू करण्याचा अर्ज घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत जातात. कन्नडमध्ये, स्वतःच्या हाताने लिहिलेला. पट पुरेसा नाही, असे उत्तर येते. आधी वर्ग हवेत, मग मुली येतील, असे अक्का लिहितात. आधी मुली आणा, असे कचेरी लिहिते. मुलींच्या नावांची यादी जोडा, असेही एकदा सांगण्यात आले. त्यासाठी अक्का वस्तीतल्या घरोघरी गेल्या, आणि प्रत्येक मुलीला समोर उभी करून, तिच्याशी बोलूनच त्यांनी तिचे नाव लिहिले. ती यादी फार लहान झाली.

अक्का, तुमच्या साठीला काय लिहावे हे मला शेवटपर्यंत कळलेले नाही. तुमचे पत्र बरोबर होते असे मी आज म्हणते, पण ज्या मुलींनी त्याची किंमत मोजली त्यांच्यासमोर ते मोठ्याने म्हणण्याची हिंमत माझ्यात नाही. तुमच्यातही नसावी. तुम्हाला खूप वर्षे मिळोत आणि ती दुखण्याखुपण्याशिवाय जावोत. तुमचे गुडघे शाबूत राहोत, कारण शिक्षणाधिकाऱ्यांची कचेरी तिसऱ्या मजल्यावर आहे. पुढच्या सोमवारी अर्ज द्यायला मी तुमच्याबरोबर येते आहे. उत्तर काय येणार ते आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. दहा वाजता तयार राहा.