मावशीचा बगळा

आमची ही कपांवर चित्रं काढते. हात असा की टेकवलेला कुंचला रेघ संपेपर्यंत उचलायचं नाव नाही. पण 'नाही' म्हणायची वेळ आली की हिची दातखीळ बसते. मी त्याच कारखान्यात भट्टी सांभाळतो. हिने रंगवलेले कप मी भाजतो.

हिचं माहेर आदिवासी. तिथे बायका घराच्या भिंती रंगवतात आणि प्रत्येकीचं एक जनावर ठरलेलं असतं. हिचं कासव. हिच्या मावशीचा बगळा, एक पाय वर घेतलेला, पोटाखाली तीन ठिपके. दुसरीचं जनावर काढायचं नाही. ती गेल्यावरच तिची लेक किंवा भाची ते घेते, आणि एकदा घेतलं की ते घेणारीचं, आधीचीचं नाही. आई लवकर गेली, तेव्हा याच मावशीने हिला वाढवलं. कुंचला धरायलाही तिनेच शिकवलं.

कासवाचे कप खपेनात. मालकाने हिच्या फोनमध्ये मावशीच्या भिंतीचा फोटो पाहिला आणि म्हणाला, "हा पक्षी काढा." ही म्हणाली, "बरं."

घरी मी भडकलोच. "जिवंत बाईचा बगळा? मूग गिळून का बसलीस?"

"मावशी कुठे दुकानात जाते? आणि तिला आता दिसतं तरी कुठे?" ही म्हणाली, आणि आपलंच बोलणं ऐकून शरमेने लाल झाली.

बगळ्याचे कप हातोहात गेले. खोक्यावर हिचं नाव. कुणी कौतुक केलं की ही मान खाली घालायची. लोक म्हणायचे, काय साधी बाई आहे. कसली साधी, ती लाजेने अर्धमेली व्हायची.

मग मावशी आमच्याकडे आली, मोतीबिंदू काढायला. आल्यापासून एकच धोशा, नजर आली की भिंत नव्याने रंगवायची. घरातले सगळे कप मी माळ्यावर टाकले.

पट्टी निघाली त्या दुपारी शेजारीण मोठ्या हौसेने चहा घेऊन आली. बगळ्याच्या कपात. "ओळखलंत का? तुमच्या भाचीनेच काढलाय," असं सांगून गेलीसुद्धा.

मावशीने कप हळूहळू फिरवला. ठिपक्यांवरून बोट फिरवलं. ही भिंतीला टेकून उभी, नजर जमिनीवर.

"मावशी, चुकलं माझं. माझी मलाच लाज वाटते."

म्हातारी आता कप आपटणार, असं मला वाटलं. आपटला असता तर बरं झालं असतं. तिने चहा शेवटपर्यंत प्यायला.

"रेघ छान आलीय," ती म्हणाली. "पाय तेवढा जाड झालाय." मग माझ्याकडे वळली. "जावईबापू, भाजलेलं पुसता येत नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. तेवढं सांगतानाही मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने रिकामा कप हिच्या हातात दिला.

"नजर तर आली, पोरी. आता भिंतीवर मी काय काढू?"