उठू नका, ढोमणे

ढोमण्यांना सायकलवरून उतरायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात एखाद्याचा चहा पिऊन झाला असता. आधी ब्रेक. मग दोन्ही तळहात बैठकीच्या कडांवर. मग ‘अं’ असा एक आवाज, एक पाय जमिनीवर, थोडा दम, दुसरा पाय, आणि मग कमरेत अडकलेला तो उंच माणूस हळूहळू सरळ होई. पुरता सरळ झाला की हात जोडून म्हणे, “नमस्कार काकाजी.” एवढा खटाटोप माझ्यासाठी. मी लांबूनच ओरडत असे, “उठू नका, ढोमणे, उठू नका!” त्यांनी ते कधी ऐकलं नाही, आणि मला सकाळी दूध आणायला बाहेर पडायची लाज वाटू लागली.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. बँकेतून निवृत्त होऊन मी जयपूरला मुलाजवळ राहत होतो. मालवीय नगरातल्या आमच्या गल्लीत समोरच्या तळमजल्यावर ढोमणे भाड्यानं आले. केंद्र सरकारची नोकरी, ऑफिस जवळच्याच झालाना भागात, वय पन्नाशीच्या आतबाहेर. पाटीवरचं आडनाव वाचून मी आनंदानं विचारलं, “कुठले आपण?”

“अमरावतीचे जी. अन् तुम्ही?”

“साताऱ्याचा.”

“मंग तर लांबचे झाले नं बाप्पा,” असं म्हणत त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला. मी संकोचानं मागे सरकलो, तर वाकलेल्या अवस्थेतच तेही पुढे सरकले.

तेव्हा मला त्यांच्या पाठीचं माहीत नव्हतं. मणक्यातली गादी सरकलेली. डॉक्टरांनी साधी सायकल बंद करायला सांगितली होती, आणि त्याच डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून रोज व्यायामही करायला सांगितला होता. ढोमण्यांना तर लहानपणापासून सायकलचं वेड. चालण्यात त्यांना राम वाटत नसे. मग त्यांनी कुठल्याशा मासिकात रिकम्बंट सायकलचं चित्र पाहिलं आणि जयपूरजवळच्या चौमू गावातल्या एका वेल्डरकडून दोन जुन्या सायकली कापून एक आडवी सायकल करून घेतली. रेलून बसायला नवारीची बैठक, तीन साखळ्या जोडून केलेली एक लांबलचक साखळी, मोटारवाल्यांना दिसावी म्हणून मागे काठीला नारिंगी फडकं, आणि पॅडल पुढे, बैठकीपेक्षाही उंच. पहिल्या दिवशी भाजीवाला गाडी सोडून बघतच राहिला. “अंकलजी, खाट को ही पहिये लगवा लिए क्या?”

ढोमणे कानापर्यंत लाल झाले. पण सायकलवरचा त्यांचा विश्वास पक्का होता. “साध्या सायकलवर सारा भार कुठे येते सांगा? बुडावर, मनगटावर अन् कमरेवर. या तिघांनी काय घोडं मारलं कोणाचं? हिच्यात पाठीले टेकू भेटते जी.” मी माझ्या काळ्या जुन्या सायकलचा कैवारी. लोळून केलेला व्यायाम अंगी लागत नाही, असं माझं म्हणणं. एका रविवारी आम्ही झालान्यापर्यंत शर्यत लावली. सपाटीवर ते नारिंगी फडकं बघता बघता दिसेनासं झालं. चढ लागला तेव्हा मी पॅडलवर उभा राहून त्यांना गाठलं. त्यांना उभं राहणं शक्य नव्हतं, नुसत्या मांड्यांच्या जोरावर सायकल रेटत होते. पण वर पोचल्यावर मी कमरेवर हात ठेवून धापा टाकत होतो आणि ते टेकून आरामात घाम पुसत होते. “दमसास तुमचाच मोठा जी,” ते म्हणाले. हरलेल्याला जिंकल्यासारखं वाटायला लावणं त्यांना सहज जमे.

त्या सायकलची खोड एकच होती. समोरून येणाऱ्याला स्वाराचं तोंड दिसायच्या आधी त्याचे तळपाय दिसत. दुसऱ्या कुणाला त्याचं काही वाटलं नसतं. ढोमण्यांना वाटे. “वडील माणसाच्या तोंडासमोर पाय करून जायचं म्हणजे...” पुढचं वाक्य त्यांच्यानं पुरं होत नसे. म्हणून कुणी पिकल्या केसांचा दिसला की ब्रेक, तळहात, ‘अं’. देवळावरून जायला नको म्हणून ते मागच्या खडबडीत रस्त्यानं जात आणि पाठीला गचके देत. आरामासाठी केलेल्या सायकलवरचा सगळा आराम त्या उतरण्याचढण्यात जाई. आणि गल्लीत सर्वांत पिकलेले केस माझे. एवढा मान घेण्यासारखं मी काय केलं होतं? लवकर जन्मलो, एवढंच. त्यांचा चेहरा दुखण्यानं आवळलेला, हात मात्र जोडलेले. असल्या नमस्कारानं माणूस मोठा होत नाही, चोरट्यासारखा होतो.

शेवटी मी त्यावर माझा उपाय काढला. लांबून नारिंगी फडकं दिसलं की दुधाच्या बूथमागे जाऊन उभा राहू लागलो. बूथवाला विचारी, “क्या हुआ बाबूजी, उधारी है क्या?” मी त्याला गप्प बसायची खूण करी. ढोमणे न थांबता निघून जात, आणि मला एखादं पुण्य केल्यासारखं वाटे.

एके सकाळी मी लपलो, पण माझी सायकल खांबाला टेकलेली तशीच राहिली. बराच वेळ झाला असं वाटून मी डोकावलो, तर ढोमणे रस्त्यात उभे. त्यांनी आधी सायकल पाहिली, मग मला. त्यांचा चेहरा पार उतरला. हात जोडून एवढंच म्हणाले, “चुकलं जी.” आणि सायकल हातानं ढकलत घरी गेले. काय चुकलं ते मला कळेना.

दुसऱ्या दिवसापासून ते साध्या सायकलवरून ऑफिसला जाऊ लागले. मग दिसेनासेच झाले. त्यांची पत्नी शोभाताई एकदा फाटकात भेटल्या, तेव्हा मी चौकशी केली. त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या, “पाठ धरली नं त्यांची. पडून आहेत. त्या सायकलीला हातच नाही लावून राहिले. म्हणतात, काकाजींना माझे पाय पाहवत नाहीत. मी दिसलो की ते तोंड लपवतात.”

मी तसाच आत गेलो. ढोमणे खोलीत जमिनीवर चटईवर पडले होते. मला पाहताच त्यांनी कोपर टेकलं.

“उठू नका हो, ढोमणे!”

ते कोपरावर उठलेच. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. तुम्हाला उतरायला लागू नये म्हणून मी लपत होतो, दुसरं काही नाही. त्यांचं समाधान होईल असं मला वाटलं होतं. उलट त्यांचे डोळे भरले. “म्हणजे माझ्यापायी तुम्हाले या वयात लपावं लागलं?” आता या माणसाला काय म्हणावं! शोभाताईंनी आणलेल्या चहावर साय धरली.

मग मला राहवलं नाही. अंगणात त्यांची आडवी सायकल होती. ती मी त्यांच्या दारासमोर ओढली, चपला काढल्या आणि नवारीत बसलो. दोन्ही पाय पॅडलवर ठेवले. माझे अनवाणी तळवे थेट त्यांच्या तोंडासमोर आले. “बघा! पाय ते पाय. काय बिघडलं?” असं म्हणून मी एक पॅडल मारलं आणि सायकलसकट शेजारच्या बोगनवेलीत गेलो.

आतून हसण्याचा आवाज आला. ढोमण्यांना इतकं हसताना मी प्रथमच ऐकत होतो. हसता हसता पाठ दाबून धरत ते म्हणाले, “काकाजी, टाचा लई फुटल्या तुमच्या. आमसुलाचं तेल लावत जा.” संध्याकाळी शोभाताई तेलाची डबी देऊन गेल्या.

पाठ सुधारल्यावर ढोमणे पुन्हा आडव्या सायकलवर आले. करार असा झाला की माझ्यासाठी उतरायचं नाही, नुसता हात वर करायचा. हात ते करत. पण मी दिसलो की त्यांची पाठ बैठकीपासून वीतभर सुटेच, मी “उठू नका!” म्हणेच, आणि मग ते ओशाळून परत टेकत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सकाळीच शोभाताईंची हाक आली. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं होतं. मी शाल गुंडाळून धावलो. ऑफिसातले लोक जमत होते. खोलीत जिथे त्यांची चटई असायची तिथेच त्यांना ठेवलं होतं, पाय दाराकडे. आत शिरताना मला चेहऱ्याआधी त्यांचे तळवे दिसले, आणि सवयीनं तोंडून गेलं, “उठू नका, ढोमणे.”

शोभाताईंनी पदर तोंडात धरला. त्या माणसासमोर ताठ उभं राहण्याची मला इतकी लाज वाटली की गुडघे आपोआप टेकले. वयानं लहान असलेल्याच्या पाया पडायची आमच्यात रीत नाही. मी पडलो. मग माझी शाल काढली आणि त्यांचे दोन्ही तळवे नीट झाकले, कारण लोक येत होते, आणि त्यांत पिकल्या केसांचेही होते.