चकलीच्या घराचा वास

दार उघडलं तरी काका लगेच आत यायचे नाहीत. दारातच थांबायचे, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचे आणि आकडा सांगायचे. "साडेतीन." मग बूट काढायचे.

तो आकडा आमच्या घराच्या वासाचा असे. काका आमच्या दोन घरं पलीकडे राहायचे. तीस वर्षं त्यांनी इथे मिशिगनमधल्या एका मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत वास घेण्याची नोकरी केली. खोटं वाटेल, मलाही वाटलं होतं. सीटचं कापड, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक, कार्पेटखालचा गोंद, प्रत्येकाचा तुकडा काचेच्या बरणीत घालून ओव्हनमध्ये गरम करायचा, झाकण किंचित सरकवून नाक लावायचं आणि एक ते सहा यांतला आकडा द्यायचा. "एक म्हणजे काही नाही, सहा म्हणजे पळा," असं ते समजावून सांगायचे. उन्हात तापलेल्या नव्या गाडीत बसून तुम्हाला मळमळलं नसेल, तर त्याचं थोडं श्रेय काकांच्या नाकाला द्यायला हरकत नाही. परीक्षेच्या दिवशी अत्तर, कॉफी, कांदा, लसूण सगळं बंद. त्यामुळे काकूंनी तीस वर्षं कांदाभजी फक्त शुक्रवारी संध्याकाळी केली.

निवृत्त झाल्यावर त्या नाकाला काम उरलं नाही आणि ते आमच्यावर आलं. मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकीने एकेक पदार्थ करून आणायच्या जेवणात, झाकण उघडायच्या आत काका सांगायचे, "चार. मसालेभात खाली लागलाय." आणि तो लागलेला असायचाच. आमच्या ट्रॉय गावातल्या निम्म्या मराठी बायका त्यांच्यावर रागावून होत्या. त्यात मीही होते.

काकू गेल्या आणि काका शांत झाले. आकडा मात्र द्यायचे, पण कुठेही गेले तरी साडेतीनच. माणूस निवळला, आता कुणाला दुखवायचं नाही असं ठरवलं असेल, असं आम्ही आपसात म्हणायचो.

माझा आणि काकांचा खरा संबंध आला तो सापामुळे.

माझी मुलगी सई कॉलेजला गेली आणि तिचा साप माझ्या गळ्यात पडला. गळ्यात म्हणजे अक्षरशः नव्हे, तेवढी मी धीट नाही. छोट्या जातीचा अजगर. सदानकदा वेटोळं करून बसतो म्हणून सईने त्याचं नाव चकली ठेवलेलं. डॉर्ममध्ये साप चालत नाही. आमचे ‘हे’, सापाचं नाव निघालं की, गराज आवरायला जातात. म्हणजे उरले कोण, मी! जाताना सईने मला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, आय ट्रस्ट यू. प्लीज डोन्ट लेट हर डाय." इतकी वर्षं आई असूनही माझ्यावर अशी जबाबदारी कधी आली नव्हती.

काचेची टाकी चकलीला लहान पडत होती आणि वरच्या जाळीतून सगळी ऊब निघून जायची. मिशिगनच्या थंडीत ती टिकणार नाही, असं सईचं म्हणणं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला सई घरी येईल त्याच्या आत लाकडी घर हवं, चार फूट लांब, दोन फूट खोल. तयार मिळतात ती आमच्या खिडकीखाली बसत नव्हती. मी काकांना विचारलं, कारण त्यांच्याकडे करवत होती आणि वेळ होता.

काका टाकीसमोर खुर्ची टाकून बसले. चकलीने जीभ बाहेर काढली, आत घेतली, पुन्हा काढली.

"हे काय चाललंय तिचं?"

"साप जिभेने वास घेतात म्हणे, काका."

काकांनी आदराने पाहिलं. "म्हणजे आमच्याच डिपार्टमेंटची आहे की!" त्या दिवसापासून चकली त्यांची कलीग झाली.

"अगं, हिचं घर म्हणजे बंद गाडीच," ते म्हणाले. "आत हीटर, आत ओल, आणि ही बाई दार उघडून बाहेर पडू शकत नाही. लाकूड जे सोडेल ते हिच्या छातीत जाणार. मटेरियल चुकलं तर संपलं."

आम्ही दुकानात गेलो. काकांनी प्रत्येक फळीच्या कोपऱ्यावर टिचकी मारली. एमडीएफ नको, ओल लागली की फुगतं. मेलामाइन चढवलेल्या फळीच्या कडांतून पाणी शिरतं. पीव्हीसीचे पत्रे चांगले, पण सईला लाकूडच हवं होतं. एका रांगेत इतका सुंदर वास येत होता की मी थांबलेच. काकांनी चष्मा वर करून पाटी वाचली. "सीडर. आपला देवदारच म्हण. याचं तेल आपल्याला छान वाटतं, सापाला विष. चल पुढे." शेवटी बर्चचं प्लायवूड पसंत पडलं. काका तिथल्या माणसाला म्हणाले, "कॅन आय गेट अ स्मॉल पीस? फॉर स्मेलिंग." त्याने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तुकडा दिला. सुटका हवी असावी.

मग माझ्या लोणच्याच्या बरण्या धुऊन, उकळून, वाळवून प्रयोगशाळा सुरू झाली. त्या आठवड्यात आमच्या घरात लसूण शिजला नाही. बरणी ओव्हनमधून काढली की काका म्हणायचे, "आधी तू घे. माझ्या आकड्याने तुझा बिघडायला नको." मी वास घेऊन म्हणायचे, "अडीच?" मग ते नाक लावायचे, डोळे मिटायचे. "बरोब्बर. माझंही तेच. तुला नाक आहे हो!" खरं सांगते, मी हुरळून गेले होते. आयुष्यात कुणी माझ्या नाकाची तारीफ केली नव्हती.

प्लायवूड कापून झालं, सांगाडा उभा राहिला. आत चकलीला चढून बसायला एक फळी हवी होती. एका दुपारी काका ती घेऊन आले. गुळगुळीत घासलेली, तांबूस, फार देखणी. वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती, लेकीला द्यायचं लुगडं आणावं तशी.

"हिच्या पेटीचं झाकण कापलं," ते म्हणाले. काकूंची एक जुनी पेटी होती, साड्या ठेवायची. "जुनं लाकूड, तेल कधीच उडून गेलंय. मी तपासलं. एक."

मी कागद उलगडला आणि सगळं स्वयंपाकघर सीडरने भरलं. डोळ्यांत पाणी यावं इतकं. मला वाटलं, थट्टा करताहेत. मी वर पाहिलं. काका फळीवरून बोटं फिरवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

एका क्षणात मला सगळे साडेतीन आठवले. सगळे "बरोब्बर" आठवले. दुकानातली ती पाटी आठवली.

गप्प बसावं आणि फळी मागाहून गुपचूप काढून टाकावी, असं मनात आलं. पण ते रोज येणार, आत डोकावणार, फळी कुठे गेली म्हणून विचारणार. आणि चकलीचा जीव माझ्या भरवशावर होता.

"काका," मी म्हणाले, "साडेपाच आहे हे."

काकांनी फळीवरून बोटं उचलली. मग खुर्चीत बसले.

"कोविड झाला होता ना मला, तेव्हापासून गेलंय. सगळं. डॉक्टर म्हणाले येईल, पण आलं नाही. त्याच वर्षी ही गेली." त्यांनी फळी मांडीवर घेतली. "रोज ती पेटी उघडतो. काही येत नाही. स्वतःला सांगितलं, लाकडाचाच वास उडाला असेल. तसं असेल तर सापाला चालेल, नाही का? इतकं साधं लॉजिक."

मला त्यांचा हात धरावासा वाटला. आपल्याकडे ती पद्धत नाही, म्हणून मी चहा टाकला.

"तुला वास येतोय ना," ते पाठीमागून म्हणाले. "फक्त सीडरचा? का अजून काही आहे?"

मी फळी उचलली. घासलेल्या बाजूने नुसता सीडर. उलट बाजूला, जी पेटीच्या आत असायची, तिला नाक लावलं. थोडा वेळ लागला. "काका, वाळा आहे का? माठातल्या पाण्यासारखं काहीतरी."

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. "वाळ्याच्या जुड्या ठेवायची ती साड्यांत," ते म्हणाले. "मी तुला हे सांगितलं नव्हतं."

"नाही, काका."

"म्हणजे आहे अजून."

"आहे."

झाकण आम्ही दुसऱ्या दिवशी बिजागऱ्या लावून पेटीला पुन्हा जोडलं. मधे कापल्याची रेघ राहिली. चकलीला फळी मिळाली ती प्लायवूडचीच.

त्यानंतर काका दारात थांबून आकडा सांगायचे बंद झाले. आता ते विचारायचे. चकलीच्या घराला पॉलिशचे तीन हात दिले होते, सांध्यांत सिलिकॉन भरलं होतं आणि त्याचा व्हिनेगरसारखा वास मारत होता. रोज चार वाजता काका यायचे. मी त्या घरात डोकं घालायचे.

"किती?"

"तीन."

"थांबायचं."

"दोन, काका. चालेल ना आता?"

"कलीगला विचार. एक म्हणजे एक."

सई ज्या दिवशी आली त्याच्या आदल्या दुपारी मी आत डोकं घातलं आणि कशाचाच वास आला नाही. तरी तीनदा घेतला. "एक," मी ओरडले आणि काकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सईने चकलीला आत सोडलं. ती कडेकडेने फिरली, जीभ काढत सगळं घर तपासलं आणि फळीवर चढून वेटोळं करून बसली.

"काय रिपोर्ट आहे तिचा?" काकांनी विचारलं.

"शी लाइक्स इट, काका," सई म्हणाली. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "यू डिड गुड, आई."

पुढच्या उन्हाळ्यात काकांचा मुलगा त्यांना ॲरिझोनाला घेऊन गेला. जाताना पेटी माझ्याकडे ठेवली. "सापापासून लांब ठेव," हे आधी सांगितलं. मग म्हणाले, "महिन्यातून एकदा उघडत जा आणि मला आकडा सांग. फक्त वाळ्याचा."

दोन वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी वरच्या खोलीत जाऊन पेटी उघडायचे आणि फोन लावायचे. "किती?" "साडेतीन, काका." "अरे वा," म्हणायचे, आणि मग चकलीची चौकशी करायचे. वाळा प्रत्येक महिन्याला थोडाथोडा उतरत होता. मी आकडा कधी उतरवला नाही. हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

फेब्रुवारीत काका गेले. झोपेतच, असं मुलाने कळवलं.

परवा पहिला रविवार होता. खाली चकली आपल्या घरात छान आहे, अंगाने भरली आहे. मी सवयीने वर गेले, फोन बाजूला ठेवला, झाकण उघडून आत वाकले आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"दोन, काका," मी म्हणाले. "पण आहे अजून."